वाचक विचारतात : लोबेडवरचं पोकलेन, घाटाचा ब्रेक आणि चांदणीवाली जुनी गाडी

प्रश्न : वीस टनी पोकलेन मंद्रूपहून चिंचोळी एमआयडीसीत न्यायचं आहे. लोबेडचा (अवजड यंत्रं नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचा) ड्रायव्हर म्हणतो, "एवढं धूड जागचं हलत नाही, पुढून एक आणि मागून एक चेन बस्स." मला पटत नाही. किती चेन लावायच्या? (मंद्रूप)

उत्तर : ड्रायव्हरचं म्हणणं उभ्या ट्रेलरपुरतं खरं आहे. जोराचा ब्रेक लागला की मशीन आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे सरकू बघतं. वळणावर बाजूला आणि निघताना मागे ०.५ पट धरतात. तुमच्या मशीनला पुढचा जोर १६ टन.

त्याला पहिला अडसर घर्षणाचा. लोखंडी ट्रॅक उघड्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर असेल, त्यात ग्रीस आणि चिकट काळी माती असेल, तर घर्षण वजनाच्या जेमतेम ०.१ पट, म्हणजे २ टन. तेच मशीन कोरड्या लाकडी फळ्यांवर असेल तर ०.३ धरता येतं, म्हणजे ६ टन. उरलेले १४ किंवा १० टन चेनने सोसायचे. चार फळ्यांनी ४ टनांचा फरक पडतो, आणि आपल्याकडे नेमक्या फळ्याच कुणी टाकत नाही.

आता चेन. ग्रेड ८० ची (हा चेनच्या पोलादाचा दर्जा) १० मिलिमीटर चेन बांधणीत ६.३ टन घेते, १३ मिलिमीटरची १० टन. पण ही सरळ ओढीतली ताकद. चेन ४५ अंशात खाली आणि ४५ अंशात बाहेर गेली की पुढे-मागे तिचा उपयोग निम्माच उरतो. म्हणजे १३ च्या दोन चेन मिळून १० टन. फळ्या असतील तर हिशेब जुळतो, नसतील तर ४ टन कमी पडतात. म्हणून फळ्या टाकाच, आणि १३ मिलिमीटरच्या चार चेन लावा : दोन मागे ओढणाऱ्या, दोन पुढे. चारही तिरक्या गेल्याने बाजूचा जोरही त्यातच निभावतो. पाचवी बकेट-आर्मवरून. चेन खालच्या फ्रेमच्या कड्यांतच अडकवा. ट्रॅकच्या पट्टीला, बकेटच्या दाताला किंवा बूमच्या सिलिंडरला नाही.

चढवताना ट्रॅकमधली माती खरवडून काढा. शेतात लोड करत असाल तर ट्रेलरच्या मागच्या जॅकखाली लाकडी स्लीपर टाका, नाहीतर ओल्या काळ्या जमिनीत जॅक रुततो आणि रॅम्प तिरका होतो. रॅम्पवर मशीन वळवायचं नाही. तिरकं गेलं तर खाली उतरवून पुन्हा सरळ घ्यायचं. वर आल्यावर बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवा, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावा, इंजिन बंद करून लिव्हर दोन-चारदा हलवा म्हणजे होसमधला दाब उतरतो. चेन आवळायला रॅचेटवाला बाइंडर वापरा. दांड्याच्या बाइंडरला पाईप घालून आवळला की सुटताना तो पाईप थेट तोंडावर येतो. पहिल्या दहा किलोमीटरच्या आत थांबून सगळ्या चेन पुन्हा आवळा. मशीन बसतं तशी चेन ढिली होते.

आणखी एक. नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटर, आणि वीस टनी पोकलेन ट्रॅकसकट साधारण २.८ मीटर. म्हणजे हे ओडीसीच (ठरल्या मापाबाहेरचा माल) झालं. परवानगी आधी काढा, दिवसा लाल झेंडे आणि रात्री लाल दिवे लावा. बाहेर आलेल्या मालाला २० हजार दंड आहे. जादा वजनालाही २० हजार, वर दर जादा टनाला २ हजार. काट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार.

प्रश्न : फाटकावर लोबेडचं पोट घासतं. आधी ओळखायचं कसं? (होटगी)

उत्तर : दोरीने. पुलरच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या चाकांपासून ट्रेलरच्या पहिल्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ९ मीटर आहे. तेवढीच दोरी रुळांच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, ताणून धरा. उंचवट्याच्या माथ्यावर दोरी आणि रस्ता यांत २० सेंटिमीटर उरले, तर तो उंचवटा ३० चा. दोन्हीकडचा चढ १५ ला १ असला की एवढं होतंच. तुमच्या ट्रेलरचं पोट जमिनीपासून ३० वरच असेल तर ते टेकणार. दुसरा रस्ता धरा, किंवा हायड्रॉलिक गूजनेक (ट्रेलरची पुलरला जोडणारी, वर-खाली होणारी मान) असेल तर फाटकाच्या अलीकडे पोट उचलून घ्या. दोरी धरण्याआधी गेटमनला विचारा, आणि गाडी येण्याच्या वेळेला ते करू नका.

विजेच्या मार्गावर फाटकाआधीच्या लोखंडी कमानीची उंची ४.६७ मीटर असते. उंची मशीन चढवल्यावर, बूमच्या सर्वांत उंच वाकावर मोजा. कॅटलॉगमधला आकडा जमिनीवर उभ्या मशीनचा असतो. रुळांवर अडकलातच तर आधी गेटमनला सांगा, मग जॅक शोधा.

प्रश्न : तुळजापूरहून उतरताना ट्रेलरच्या ड्रममधून धूर येतो. लायनर नवीन आहेत. (मार्केट यार्ड)

उत्तर : नवीन लायनरलाही तेवढी उष्णता झेपत नाही. ४० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तिच्यात सुमारे १३० लिटर पाणी उकळेल. गरम ड्रम फुगतो, लायनर दूर राहतं, ब्रेक चेंबरच्या दांड्याचा पल्ला संपतो. पेडल दाबलं तरी पकड येत नाही.

चढताना जो गिअर लागला असता तोच घाट सुरू व्हायच्या आधी टाका आणि त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गिअर खाली घ्यायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक लावून ठेवा. पायाचा ब्रेक सतत घासू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, उतरला की सोडा. फक्त ट्रेलरचा हातब्रेक ओढून अख्खा घाट उतरायची सवय असेल तर धूर तिथूनच येतोय. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकच्या दांड्याचा पल्ला जुळवणारे) सगळ्या चाकांना सारखे आहेत का बघा. एका चाकाचा पल्ला जास्त असला की बाकीची चाकं त्याचं काम करतात. तापलेल्या ड्रमवर क्लीनरला पाणी मारू देऊ नका, ड्रम तडकतो.

प्रश्न : बॉनेटवर चांदणी असलेला आजोबांच्या वेळचा टाटा ट्रक वीस वर्षं उभा आहे. चालू करून जेसीबी ओढायला वापरू का? व्हिंटेज नंबर मिळेल? (वळसंग)

उत्तर : दोन्हींना नाही. चांदणी मर्सिडीजची; टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा. ती चांदणी १९६९ पर्यंत राहिली. शंभरेक अश्वशक्तीचं इंजिन आणि त्या काळचे ब्रेक असलेल्या गाडीमागे ट्रेलर आणि आठ टनांचा जेसीबी लावला तर अडचण ओढण्याची नाही, थांबवण्याची आहे. व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकींपुरता आहे. ट्रक त्यात बसत नाही.

चालू मात्र जरूर करा, घाई न करता. स्टार्टर मारायचा नाही. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून साधारण २० मिलिलिटर घाला, दोन दिवस ठेवा, मग हाताने फिरवा. टाकी धुवा, दोन्ही फिल्टर बदला, हवा आधी फिल्टरवर, मग पंपावर, शेवटी इंजेक्टरच्या नटवर काढा. आता महत्त्वाचं : इतकी वर्षं उभ्या गाडीत पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) डिंकासारख्या झालेल्या डिझेलने पूर्ण उघडा चिकटलेला असू शकतो. इंजिन लागलं की त्याचा वेग चढतच जातो, ते चावीने थांबत नाही. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेचं तोंड झाकून इंजिन बंद पाडायला एक माणूस सपाट फळी घेऊन इनटेकपाशी उभा करा. हात लावायचा नाही, फळीच.

चाकांच्या रिंगा तीन तुकड्यांच्या असतील तर गंजलेल्या लॉक रिंगवर हवा भरू नका. आधी पूर्ण हवा काढा, रिंग तपासा, टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरा.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर नेणाऱ्या पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे ठोकळे का? आधीच वजन काय कमी असतं? (फताटेवाडी)

उत्तर : ते वजन ट्रेलरवर असतं, पुलरच्या चाकांवर नाही. सगळं मिळून २०० टन धरा. २० ला १ च्या चढावर १० टन ओढ लागते, चाकं फिरवायलाच आणखी २ टन. कोरड्या डांबरावर पकड ०.६, म्हणजे १२ टन ओढायला चालवणाऱ्या चाकांवर २० टन दाब हवा. रिकाम्या पुलरच्या त्या चाकांवर सात-आठ टनच असतात; इंजिनात कितीही दम असो, टायर जागच्या जागी फिरतात. १९६४ मध्ये आलेला इंग्लंडचा स्कॅमेल काँट्रॅक्टरही पाठीवर असंच ओझं भरून चालायचा. लोबेडच्या पुलरला हे लागत नाही, कारण फिफ्थ व्हीलवरून (पुलरच्या पाठीवरची, ट्रेलर जिच्यावर टेकतो ती जोडतबकडी) मालाचं वजन आपोआप त्याच्या चाकांवर येतं. पाऊस पडला की ०.६ चे ०.४ होतात आणि २० च्या जागी ३० टन लागतात. तेव्हा मागून ढकलायला दुसरा पुलर लावतात, नाहीतर चढाच्या अलीकडे, सपाटीवर, रस्ता वाळेपर्यंत गाडी उभी ठेवतात.