विदर्भातल्या गावात हवामान बदल कसा समजावून सांगावा?

तुमचा प्रश्न असा : संस्थेत नवीनच लागलो, यवतमाळकडच्या गावांत हवामान बदलावर सभा घ्यायच्या आहेत, पण पडद्यावर आलेख आले की लोक उठून जातात, तर सांगायचं कसं? मी वर्धा जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू शेती, आणि बरीच वर्षं याच कामासाठी गावोगाव फिरतो.

हवामान बदललं ही बातमी गावाला द्यायची गरजच नाही. पाणी साचून उबळलेली पराटी (कपाशी) आणि शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पारावर बसा आणि विचारा, मृग पहिले कसा लागायचा? मग अर्धा तास फक्त ऐका. "पयले झड लागे, आठ-आठ दिवस सूर्य दिसे नाही. आता येते त एका रातीत नाला भरून जाते, मंग पंधरा दिवस पत्ता नाही." एवढं झालं की तुमचं सांगा : पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या 2017 सालच्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. आपण म्हणतो तेच शास्त्रज्ञही म्हणतात हे कळलं की माणूस पुढे सरकून बसतो.

यानंतर आलेख नको, पाऊस मोजायला डबा आणा. सपाट बुडाचा, उभ्या भिंतींचा कोणताही पत्र्याचा डबा चालतो. बाटली नको, तिचं बूड खोलगट असतं. झाड, छप्पर यांपासून दूर, मोकळ्या जागी तो घट्ट बसवायचा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरायची, पाणी जितके मिलिमीटर तितका पाऊस. शाळेची पोरं हे काम मनापासून करतात. आकडा शाळेच्या भिंतीवर, तारखेसोबत नक्षत्रही लिहायचं. मृग, आर्द्रा, पुष्य हाच इथला कॅलेंडर आहे. पंचांगाची किंवा पावसाचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीची थट्टा कराल, तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

मग हिशेब मांडा. एका एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी. 100 मिमी म्हणजे 4 लाख लिटर, दहा हजारी टँकर 40! एका रात्री एका एकरात 40 टँकर रिकामे झाले तर काळ्या चिकण मातीत ते जिरणार कसे? इथे सभा आपोआप बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणीकडे, सरीतून जादा पाणी काढण्याकडे, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बुजलेल्या चरांकडे वळते. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी पेपरात येतो. तो पाळायचा कसा, हे गावाला डबा लागल्यावरच कळतं, आणि दुबार पेरणीचं बियाणं वाचतं.

भरपाईचा विषय निघणारच. महसूल मंडळात 24 तासांत पाऊस 65 मिमीच्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र आपल्या गावात असेलच असं नाही. तुमच्या डब्याची नोंद सरकारी आकड्याच्या जागी चालत नाही, हे आधीच सांगून टाका. पण पंचनामा मागायला जाताना तारीखवार वही हातात असली, तर बोलणं पक्कं होतं.

सगळ्यात अवघड प्रश्न एखादा म्हातारा विचारतो, "आमी काय केलं बाप्पा?" त्याला बगल देऊ नका. दोन-तीन एकरवाल्याने जाळलेला कोळसा तो किती? चंद्रपूर, कोराडीची वीजकेंद्रं आपल्याच भागात कोळसा जाळतात, त्यांची वीज सगळं राज्य वापरतं, असा धूर जगभर पिढ्यानपिढ्या साचत आलाय, त्यानेच हवा तापतेय. हे स्वच्छ सांगा. धुऱ्यावर झाडं जरूर लावा, सावलीसाठी, मातीसाठी. पण पाच झाडांनी हवामान सुधरेल असं सांगणं खोटं आहे आणि लोकांना ते कळतं. प्रत्येक पूर हवामानाच्या माथी मारू नका. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेला पूर आला तेव्हा धरणांतून सोडलेलं पाणीही त्यात होतं. गावचा पूर पुलाच्या बुजलेल्या नळ्यांमुळे असेल, तर तेच म्हणा.

बायका पारावर येत नाहीत, आल्या तरी सासऱ्यासमोर बोलत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत वेगळं बसा. निंदणाला, वेचणीला त्याच जातात, त्यामुळे उन्हाचं खरं त्यांच्याकडूनच कळतं : कामाची वेळ कशी पहाटेकडे सरकली, पिण्याचं पाणी किती लांबून न्यावं लागतं, कोणाला भोवळ आली.

पहिली बैठक मे महिन्यात, सामुदायिक प्रार्थना झाल्यावर घ्या. जूनमध्ये कोणाला वेळ नसतो. डबा रोहिणी लागायच्या आत बसवून घ्या. मग पोळा झाल्यावर वही घेऊन पुन्हा बसा, नक्षत्रवार बेरीज करा, आणि पुढच्या वर्षी सोयाबीन किती, तूर किती हे त्याच बैठकीत गावाला ठरवू द्या.