ओप्राचा पैसा कुठून आला, आणि भाचीने सही करावी का?

विट्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची भाची तासगाव-पलूस भागातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन यूट्यूबवर टाकते. बघणारे बऱ्यापैकी आहेत. आता पुण्यातल्या एका कंपनीने तिला महिन्याच्या पगारावर बोलावलंय, 'कार्यक्रम तुझाच राहील' म्हणतात. घरात दोन तट पडलेत. पोरगी म्हणते, अमेरिकेतली टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रे हिनेही नोकरीपासूनच सुरुवात केली. वडील म्हणतात, ओप्राने स्वतःचं दुःख विकलं, आपल्याकडे तसलं काय आहे विकायला? ताईंना कळेना झालंय, म्हणून त्यांनी विचारलंय: ओप्राकडे खरंच किती पैसा आहे, तो कशातून आला, आणि पोरीने सही करावी का?

मी सांगलीत कर सल्लागार आहे. निवेदक, ऑर्केस्ट्रावाले, कीर्तनकार आणि अलीकडे यूट्यूबवाले, यांचे हिशेब माझ्याकडे असतात. त्यामुळे खरा रस मला शेवटच्या प्रश्नात, पण त्याचं उत्तर आधीच्या दोन प्रश्नांतच दडलंय.

आधी आकडा. श्रीमंतांच्या याद्या काढणाऱ्या फोर्ब्स या अमेरिकन मासिकाच्या हिशेबाने ओप्राची संपत्ती ३ अब्ज डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे आपले २५ हजार कोटी रुपये सहज. २००३ साली ती अब्जाधीशांच्या यादीत आली, तेव्हा त्या यादीतली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती. फोर्ब्स निदान शेअर, जमिनी, करार यांची किंमत मांडून बघतं. आपल्याकडच्या निवेदकांची 'एकूण संपत्ती अमुक कोटी' सांगणारी जी पानं फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या लिहिणाऱ्याने कुणाचं रिटर्न बघितलेलं नसतं.

आता वडिलांचा मुद्दा. ओप्राच्या वाट्याला दुःख होतं, आणि साधंसुधं नव्हतं. १९५४ चा जन्म, मिसिसिपीतलं कोशिअस्को हे गाव, आईबाप एकत्र नाहीत, पहिली काही वर्षं आजीच्या शेतावर. पुढे मिलवॉकीला आईकडे गेल्यावर वयाच्या नवव्या वर्षापासून जवळच्याच माणसांकडून लैंगिक अत्याचार. चौदाव्या वर्षी दिवस गेले, मूल अपुऱ्या दिवसांचं झालं आणि वारलं. मग नॅशव्हिलला वडिलांकडे. ते न्हावी होते, शिस्तीला कडक, पोरीला पुस्तकं वाचून त्यावर लिहून दाखवायला लावायचे. तिथून शाळेतली वक्तृत्व स्पर्धा, शिष्यवृत्ती, रेडिओवर बातम्या, आणि विशीच्या आतबाहेरच टीव्हीवर.

पण हेच दुःख पोटात घेऊन ती १९७६ मध्ये बाल्टिमोरला संध्याकाळच्या बातम्या वाचायला गेली, तेव्हा त्याचा एक डॉलर झाला नाही. उलट काही महिन्यांतच तिला त्या खुर्चीवरून उठवलं. तक्रार काय, तर बातमी सांगताना ही हळवी होते. कुठे आग लागली, घर जळालं की वार्तांकन बाजूला ठेवून त्या लोकांना पांघरुणं नेऊन द्यायची. करार मोडता येईना म्हणून १९७८ मध्ये तिला सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात सारलं. 'पीपल आर टॉकिंग' त्याचं नाव, सोबत एक पुरुष निवेदक. तिथे ती फुलली. काम सारखं, खुर्ची सारखी, पण पगार त्याच्यापेक्षा बराच कमी. ती साहेबाकडे गेली, तर त्याने विचारलं, त्याला पोरंबाळं आहेत, तुला काय गरज? हा किस्सा तिने स्वतः अनेकदा सांगितलाय. आपल्याकडे कितीतरी निवेदिकांना हेच ऐकवलं जातं, फक्त आवाज गोड असतो.

१९८४ च्या जानेवारीत ती शिकागोला गेली. तिथला 'एएम शिकागो' हा सकाळचा कार्यक्रम पार तळाला होता. काही महिन्यांतच तिने फिल डॉनह्यूला मागे टाकलं. प्रेक्षकांत माइक घेऊन फिरणारा टॉक शो ज्याने रुजवला तो हा डॉनह्यू, आणि शिकागो त्याचंच गाव झालेलं. पुढच्या वर्षी कार्यक्रमाला तिचं नाव लागलं. तरीही ती अजून पगारदारच होती. नाव लागणं आणि नावावर असणं यात सातबारा उताऱ्याएवढा फरक आहे, हे पलूसच्या माणसाला मी काय सांगायचं.

इथे एक प्रसंग आहे, तो मला हिशेबनीस म्हणून फार आवडतो. रॉजर ईबर्ट हा शिकागोचा नावाजलेला चित्रपट समीक्षक. जीन सिस्केलबरोबर त्याचा आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम देशभर सिंडिकेशनवर चालायचा. सिंडिकेशन म्हणजे एकाच वाहिनीला बांधून न घेता गावोगावच्या स्टेशनांना कार्यक्रम वेगवेगळा विकणं. ओप्राला तशीच विचारणा आली होती आणि तिचं ठरत नव्हतं. दोघं एकदा जेवायला गेले, तेव्हा ईबर्टने पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. पहिल्या ओळीत स्वतःची वर्षाची कमाई. गुणिले दोन, कारण सिस्केललाही तेवढेच मिळतात आणि ही एकटी असणार. गुणिले दोन, कारण हिचा कार्यक्रम तासाचा. गुणिले पाच, कारण आठवड्यात पाच दिवस. परत गुणिले दोन, कारण हिला बघणारे किमान दुप्पट. झाले चाळीस पट. तिने दहा सेकंद कागद बघितला आणि किंग वर्ल्ड या वितरकाकडे जायचं नक्की केलं. ईबर्टने हे नंतर स्वतः लिहिलंय. ८ सप्टेंबर १९८६ ला तिचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

जेफ जेकब्स या शिकागोच्याच वकिलाचा सल्ला याच काळातला: दुसऱ्याची नोकर राहू नकोस, स्वतःची कंपनी काढ. तिने हार्पो काढली, आपलंच नाव उलटं लिहून. १९८८ मध्ये कार्यक्रमाची मालकी वाहिनीकडून हार्पोकडे आली. त्याच वर्षी तिने शिकागोच्या पश्चिम भागात स्टुडिओची जागा घेतली. स्वतःचा स्टुडिओ असणारी अमेरिकन करमणूक धंद्यातली ती तिसरी स्त्री. आधीच्या दोघी म्हणजे मेरी पिकफर्ड आणि ल्युसिल बॉल या अभिनेत्री. (त्या जागेवर आता मॅकडोनाल्ड्सचं मुख्यालय उभं आहे.) २५ मे २०११ ला शेवटचा भाग झाला, तोवर २५ हंगाम आणि साडेचार हजारांवर भाग झाले होते. निवेदिका तीच, गप्पाही त्याच, पण १९८८ नंतर पैशाचा ओघ फिरला.

तासगावकरांच्या भाषेत बोलायचं तर द्राक्षं बागेतच व्यापाऱ्याला देऊन मोकळं होणं वेगळं, आणि रॅकवर बेदाणा करून शीतगृहाची पावती आपल्या नावावर ठेवून सौद्याला आपल्या मर्जीने उतरवणं वेगळं. पहिल्यात व्यापाऱ्याने पैसे बुडवायची भीती असते, दुसऱ्यात भाव पडायची. पण मालाचा धनी कोण, हा प्रश्न दुसऱ्यात येत नाही.

दुःखाच्या बाबतीतही मला तेच दिसतं. १९८६ मध्ये लैंगिक अत्याचारावरच्या भागात समोरची बाई बोलत असताना ओप्राने आपल्यावरही हे झालंय असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. ते तिने सांगितलं, तिच्या कार्यक्रमात सांगितलं. पण चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणाची गोष्ट १९९० मध्ये तिच्या सावत्र बहिणीने एका टॅब्लॉइडला, म्हणजे सनसनाटी बातम्यांच्या पेपराला, पैसे घेऊन विकली. ओप्रा काही दिवस अंथरुणातून उठली नव्हती. म्हणून 'ओप्राने दुःख विकलं' हे वडिलांचं वाक्य मला पटत नाही. त्या गोष्टीचे पैसे तिच्या घरातल्यानेच खाल्ले.

वजनाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. १९८८ मध्ये तिने महिनोन्‌महिने फक्त पातळ आहारावर राहून वजन उतरवलं आणि ६७ पौंड, म्हणजे साधारण ३० किलो, प्राण्यांची चरबी लाल ढकलगाडीत घालून मंचावर आणली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वजन लगेचच परत चढायला लागलं. पुढे ते दाखवणं ही आपली मोठी चूक होती असं ती म्हणाली. २०१५ मध्ये तिने वेट वॉचर्स या वजन उतरवायला मदत करणाऱ्या कंपनीचा सुमारे १० टक्के हिस्सा ४ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास घेतला. नुसतं तिचं नाव ऐकून शेअर त्या दिवशी दुपटीवर गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तिने सांगितलं की आपण वजनासाठी औषध घेतो, आणि २०२४ मध्ये संचालक मंडळ सोडून सगळे शेअर वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाला दिले. आयुष्यभराच्या एका अडचणीवर तिने पैसा कमावला हे खरंच, आणि मला ते सगळंच काही रुचत नाही. औषध घेतल्याचं सांगायला तिला उशीर झाला असंही वाटतं. पण तिथेही ती जाहिरातीचं मानधन घेऊन थांबली नाही, भागीदार झाली.

जाता जाता, धंद्याची खोड म्हणून. २००४ मध्ये तिने प्रेक्षकांतल्या २७६ जणांना गाड्या वाटल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. गाडी फुकट, पण अमेरिकेत तिची किंमत उत्पन्नात धरतात, त्यामुळे त्यावरचा हजारो डॉलरचा आयकर ज्याचा त्याने भरला. आपल्याकडे टीव्हीवरच्या बक्षिसाला ३० टक्के कर आणि वर उपकर. 'कोटी जिंकले' म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी आधी मला फोन करावा.

परत भाचीकडे. अमेरिका लांबची वाटत असेल तर आपल्याकडचं बघा. कपिल शर्माने २०१६ मध्ये वाहिनी सोडली तेव्हा 'कॉमेडी नाइट्स' हे नाव तिकडेच राहिलं, याला दुसऱ्या नावाने दुसरीकडे मांडावं लागलं. त्याआधी सुनील ग्रोव्हर त्याच कार्यक्रमातून बाहेर पडला, तर गुत्थी या पात्राचे हक्क आमचे आहेत म्हणून वाहिनीने जाहीर नोटीस काढली. पात्र त्याच्या अंगात, हक्क दुसऱ्याच्या कपाटात. म्हणून 'कार्यक्रम तुझाच राहील' हे तोंडी वाक्य मी हिशेबात धरत नाही.

ताई, तुम्ही पाठवलेल्या कराराच्या मसुद्यात तिला 'कर्मचारी' म्हटलंय. तिथेच सगळं ठरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं लिहून घेतलं नसेल तर. शिवाय चित्रीकरणाचा कर्ता कायद्याने निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. समोर बसून बोलणारा नव्हे. आजवरच्या मुलाखती तिने स्वतःच्या खर्चाने केल्या, त्या तिच्या. उद्याच्या मात्र कंपनीच्या.

मग मसुद्याचं नववं कलम बघा: 'सर्व हक्क, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत.' हे उगाच लिहीत नाहीत. त्याच कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरायचा. कंपनीच्या वकिलाला ते माहीत असतं म्हणून तो 'कायमस्वरूपी' टाकतो. त्यावर भाची 'तीन वर्षं, फक्त नव्या भागांसाठी' असं मागू शकते. मागितल्याने कुणी हाकलून देत नाही. दिलंच, तर हेतू कळला.

नोकरी करूच नये असं मी म्हणत नाही. ओप्राने स्वतःची कंपनी काढेपर्यंत नोकऱ्याच केल्या, आणि स्टुडिओ कसा चालतो, पाहुणा कसा बोलता करायचा हे तिथेच शिकली. पुण्यात दोन वर्षं चांगल्या कॅमेऱ्यापुढे, चांगल्या संपादकाच्या हाताखाली काम करायला मिळत असेल तर जाऊ द्या तिला. विष्णुदास भाव्यांनीही १८४३ मध्ये सांगलीत पहिलं नाटक उभं केलं ते संस्थानिकांच्या आश्रयाने. तिकीट लावून मुंबईत खेळ करायची वेळ आश्रय संपल्यावर आली. फक्त जाताना आपलं घर बांधून जावं.

म्हणजे असं: पगाराऐवजी व्यावसायिक फीवर, सल्लागार म्हणून करार होतो का ते विचारा, त्याने टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) बदलतोच, पण कलम १७ मधला नोकरीचा फासही सैल होतो. जुन्या मुलाखतींची यादी करून ती परिशिष्ट म्हणून जोडा आणि 'यांवर कंपनीचा हक्क नाही' असं एक वाक्य टाकून घ्या. चॅनेलची मालकी कुणाला देऊ नका. यूट्यूबमध्ये कंपनीच्या माणसाला व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून जोडता येतं, तेवढं पुरे. आणि कार्यक्रमाच्या नावाला कॉपीराइट नसतो, त्याला ट्रेडमार्क लागतो. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये, करमणुकीचा वर्ग ४१. हा अर्ज सही करायच्या आधी, तिच्या नावाने जायला हवा. आधार, पॅन आणि नाव पहिल्यांदा वापरलं त्या व्हिडिओची तारीख एवढं तयार ठेवा. कंपनीने उत्तराला मुदत दिली असेल तर ती वाढवून मागा, आणि नववं कलम आहे तसं ठेवायचा आग्रह धरला तर मला तो मसुदा परत पाठवा.