कायरा, अर्शी, ओंकार्तिकी: जोडनावात आधी नाव कुणाचं?

तुम्ही विचारलंय की ‘कायरा’, ‘अर्शी’ ही मालिकांतल्या जोड्यांची नावं फॅन मंडळी कुठल्या नियमानं बनवतात आणि आधी नाव कुणाचं घेतात. माझ्या मते हे कान ठरवतो. मी कोल्हापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये प्रुफं तपासते, दिवसभर दोन नावं शेजारी मांडायचंच काम.

‘कायरा’ बघा. ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ मालिकेतले कार्तिक आणि नायरा. दोघांचं पहिलं अक्षर आकाराचं, म्हणून नायरातला फक्त न गेला, तिथं क बसला. बाकी अख्खी नायरा शाबूत. उलट करून बघा: ‘नार्तिक’. जिभेवर बसतच नाही. ‘इस प्यार को क्या नाम दूँ’ मालिकेतल्या अर्णव-खुशीच्या ‘अर्शी’त मात्र दोघांचं थोडं थोडं गेलंय, तरी नाव गोड झालं, कारण ऐकताना ते मुलीचं खरंखुरं नाव वाटतं.

गेल्या सीझनला एकजण चिठ्ठी घेऊन आला. ओंकार आणि कार्तिकी, पत्रिकेवर हवं होतं ‘ओंकार्तिकी’. मी जुळवायला बसले आणि हरखलेच! ‘कार’ दोघांत सामाईक. ओंकारचा शेवटचा र तेवढा रफार होऊन ‘ति’च्या डोक्यावर जाऊन बसला. एकही अक्षर वाया गेलं नाही. जोडनाव असावं तर असं.

दोन पात्रांची जोडी जुळावी म्हणून धरलेल्या हट्टाला फॅन मंडळी ‘शिप’ करणं म्हणतात. या ‘शिप’चा जहाजाशी संबंध नाही बरं का. ‘रिलेशनशिप’चं शेपूट आहे ते. १९९०च्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकन मालिकेचे जे चाहते त्यातल्या मल्डर-स्कली या नायक-नायिकेचं जुळावं म्हणून आस लावून बसले होते, ते स्वतःला ‘रिलेशनशिपर’ म्हणत, त्याचं ‘शिपर’ झालं. त्याआधी १९७०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे चाहते त्यातल्या दोन पुरुष पात्रांच्या प्रेमकथा रचताना कर्क/स्पॉक असं तिरकी रेघ मारून लिहीत. त्या रेघेवरून ‘स्लॅश’ हे लेखनप्रकाराचंच नाव पडलं.

आणि आधी कोण, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. द्वंद्व समासात ज्या पदात स्वर कमी ते आधी, असं पाणिनीचं सूत्र आहे: अल्पाच्तरम्. त्यात पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं लिहिणाऱ्या कात्यायनानं भर घातली की जो अधिक पूज्य तो आधी, म्हणून ‘मातापितरौ’.

आमच्या घरी ‘तुझ्यात जीव रंगला’ची जोडी मात्र कायम ‘राणादा-पाठकबाई’च राहिली. कोल्हापूरकडची गोष्ट, त्यातला ‘दा’ कापायचा की ‘बाई’?