मिरी कुठल्या देशाची?

प्रश्न : कोपरखैरण्यात माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरी घ्यायला गेलं की कुणी व्हिएतनामची दाखवतो, कुणी श्रीलंकेची. जागतिकीकरण आटोपलं असं ऐकते, मग मुक्त व्यापाराचे इतके करार कशाला होतात?

उत्तर : ताई, न्हावा शेव्यात आयातीची कागदपत्रं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून मिरीवरूनच सांगतो. करार नसेल तर मिरीवर मूळ आयातशुल्क ७० टक्के. आसियान, म्हणजे व्हिएतनामसह आग्नेय आशियातल्या देशांचा गट. त्याच्याशी झालेला करार २०१० पासून लागू आहे. त्यात व्हिएतनामच्या मिरीवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांवर आलं. श्रीलंकेशी १९९८ साली करार झाला. त्यात वर्षाला २,५०० टन मिरी बिनशुल्क येऊ शकते. समजा, बंदरात किंमत पडली किलोला ६०० रुपये. एकाला ४२० रुपये शुल्क, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला शून्य!

मग व्हिएतनामची मिरी कोलंबोमार्गे श्रीलंकेची म्हणून आणायचा मोह होणारच. केरळ-कोडगूचे शेतकरी ही तक्रार वर्षानुवर्षं करत आले आणि माझ्या मते त्यांचा संताप रास्तच आहे. मिरी त्या देशात पिकलेली असावी लागते. तिथे नुसती चाळून पोत्यात भरली म्हणून ती तिथली होत नाही. सप्टेंबर २०२० पासून कस्टम्सने नियम कडक केले. ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा याचा दाखला) आहे ना साहेब’ एवढ्यावर आता भागत नाही, माल कुठला याची माहिती आयातदाराने स्वतः ठेवायची असते.

जागतिकीकरण आटोपलेलं नाही, त्याच्या वाटा बदलल्या. जागतिक व्यापार संघटनेत एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यावी लागते. असे करार हा त्याला मान्य असलेला अपवाद. पण २००१ मध्ये दोह्यात सुरू झालेल्या वाटाघाटी रखडल्या, आणि डिसेंबर २०१९ पासून देशांमधल्या व्यापारी तंट्यांवरचं तिथलं अपील मंडळही सदस्यांअभावी ठप्प आहे. त्यामुळे जो तो आपापली सोयरीक जुळवतो. आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून आपण २०१९ मध्ये बाहेर पडलो. उरलेल्या १५ देशांनी करार केलाच. नंतर आपणही अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार लागू केले, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सही केली.

मला काळजी वाटते ती तुमच्यासारख्यांची. महापे-रबाळ्यातल्या मोठ्या कंपनीत प्रत्येक कराराचे नियम वाचायला पगारी माणूस असतो. तुम्हाला ते कोण समजावून सांगणार? जिल्हा उद्योग केंद्रांनी हे काम अंगावर घ्यायला हवं.

उद्या दुबईला गरम मसाला पाठवायचा झाला, तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. तेव्हा मसाल्यात कुठला माल किती, हा प्रश्न येईल. म्हणून आतापासून मिरी, दालचिनी, लवंग घेताना दुकानदाराकडून बिलावर देशाचं नाव लिहून घ्या आणि बिलं जपून ठेवा.