कयाकच्या पट्ट्यांसाठी राउटर टेबल: एफडी मोडायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अक्कलकोट रोडला तुमचा फर्निचरचा कारखाना आहे, महिन्याला सरासरी 45,000 रुपये हातात उरतात. उजनीच्या बॅकवॉटरवर बोटिंग सुरू करणाऱ्या एका गृहस्थांनी लाकडी पट्ट्यांच्या चार कयाक (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या) मागितल्या आहेत, प्रत्येकी 1,10,000 रुपयांना, पण अजून सगळं तोंडी आहे. त्यासाठी तुम्हाला 2,10,000 रुपयांचा सेट घ्यायचा आहे: बिडाचं तयार टेबल आणि राउटर वर-खाली करणारी लिफ्ट 1,10,000, दोन राउटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडाची कड घडवणारी यंत्रं) 60,000, डस्ट कलेक्टर 40,000. पैसे मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या तीन लाखांच्या एफडीतून काढायचे, की 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यायचं?

दोन्ही नको. टेबल मात्र करा, 30,000 च्या आत.

हे टेबल तुमचं नेमकं काय वाचवतं ते आधी मोजू. कयाकची पट्टी दोन सूत जाड, सहा सूत रुंद (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3 मिमी). पाच मीटरच्या एका कयाकला साधारण 75 पट्ट्या लागतात, म्हणजे 375 मीटर. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसरीला शेजारच्या पट्टीची गोलाई बसेल अशी खोबण, म्हणून राउटरवरून 750 मीटर कड जाते. मिनिटाला चार मीटर सरकवलं तर निव्वळ तीन तास, उचल-ठेव आणि सेटिंग धरून आठ. टेबल नसेल तर प्रत्येक पट्टीची कड रंध्याने तिरपी करत बसवावी लागते. तुमच्या हाताला त्याचे वीसेक तास धरा. वाचले बारा तास. तासाला 200 रुपये मजुरी धरली तर कयाकमागे 2,400 रुपये. 2,10,000 चा सेट वसूल व्हायला 88 कयाक लागतील आणि तुमच्यासमोर चार आहेत, त्याही तोंडी. 30,000 च्या टेबललाही तेरा कयाक लागतात. तरीही मी हो म्हणतो, कारण तेच टेबल कपाटांच्या शटरच्या (दारांच्या) कडा आणि मोल्डिंगला रोज वापरात राहील.

लोनचा हिशेब: 2,10,000 रुपये, 14 टक्के, तीन वर्षं. हप्ता सुमारे 7,180, एकूण व्याज 48,000 च्या वर. एफडी मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. गरज पडलीच तर त्या एफडीवर कर्ज घ्या. त्याचा दर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 30,000 रुपये सहा महिन्यांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर व्याज 1,275 रुपये, आणि एफडी जागच्या जागी राहते.

आता 30,000 मध्ये काय बसतं. 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून वर सनमायका, पुढे-मागे अडीच-अडीच मीटरचा आधार, सरळ फेन्स (पट्टी टेकवून सरकवायची आडवी कड): 9,000. कार्बाइडच्या गोलाई-खोबण बिटांची जोडी, एक सूत त्रिज्येची: 6,000. व्हॅक्यूम आणि पाइप: 12,000. लाकूड फेन्सला दाबून धरणाऱ्या दाबपट्ट्या आणि क्लॅम्प: 3,000. राउटर तुमच्याकडे आहेच. दोन राउटर ओळीने लावले की एकाच फेरीत काम होतं हे खरं, पण चार कयाकसाठी आधी सगळ्या पट्ट्यांची गोलाई काढा, मग बिट बदलून खोबण. क्रम हाच ठेवा. खोबणीच्या दोन्ही धारा कागदासारख्या पातळ असतात. आधी खोबण केली तर दुसऱ्या फेरीत दाबपट्टीखाली त्या तुटतात. पट्टी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याविरुद्ध सरकवायची. उलटी दिली तर बिट ती हिसकावून भाल्यासारखी फेकतं.

माल सगळ्यात जास्त वाया जातो तो जाडीत. कटर मशीनवर पट्टी कुठे साडेपाच मिमी, कुठे साडेसहा निघाली तर बिटाचा मध्य चुकतो आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत पायरी राहते. ती घासून काढताना लाकूडही जातं आणि मजुरीही. म्हणून पट्टीची एकच बाजू कायम फेन्सला लावा. व्हॅक्यूमवरचे पैसे वाचवू नका, मास्कही घाला. या पट्ट्यांच्या लाल सीडर लाकडाच्या भुश्याने दमा होऊ शकतो.

तुमचा पैसा टेबलात अडकणार नाही, तो अडकेल पहिल्या कयाकच्या मालात आणि वेळात. कयाकमागे तीन घनफूट लाकूड, आठ-दहा लिटर इपॉक्सी (मिसळल्यावर घट्ट होणारा राळेचा लेप), फायबरग्लास कापड, आणि पहिल्या खेपेला किमान 250 तास. तासांचेच 50,000 झाले. उरलेल्या 60,000 त माल, वीज, वाहतूक आणि नफा बसतो का, हे कोटेशनं हातात घेऊन ठरवा. मला 1,10,000 हा भाव कमी वाटतो. शिवाय सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये इपॉक्सी भांड्यातच तापून घट्ट होतं, आणि वाढत्या उन्हात लाकडातली हवा फुगून लेपात बुडबुडे येतात. लेपाचं काम फेब्रुवारीच्या आत संपवा, नाहीतर संध्याकाळी, पारा उतरताना करा.

एक दार जरूर ठोठावा. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 कामांत सुतार आणि नाव बांधणारे दोन्ही येतात. अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर आहे, आणि एक लाखापर्यंत पहिलं कर्ज 5 टक्क्यांनी, 18 महिन्यांसाठी, बिनतारण. एक लाखाला हप्ता सुमारे 5,780, एकूण व्याज चार हजार. तुम्ही स्वतः हाताने काम करणारे हवेत, घरात कोणी सरकारी नोकरीत नको, लाभ कुटुंबात एकालाच. मुद्रा कर्ज घेतलं असेल तर ते पूर्ण फिटलेलं हवं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये (सीएससी) होते.

या आठवड्यात त्या गृहस्थांकडून आधी एकाच कयाकची लेखी ऑर्डर आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. त्यांनी आगाऊ द्यायला नकार दिला तर प्लायचं टेबल शटरसाठी करा, पण सीडरचं लाकूड मागवू नका.