हॉस्टेलचा पत्ता आणि वाचनालयाचं कार्ड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आधारवर परभणीचा पत्ता, मुक्काम ऐरोलीच्या हॉस्टेलवर, म्हणून ठाण्यात वाचनालयाचं कार्ड मिळणार नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि तू खरं मानून बसलास. एकदा काउंटरवर जाऊन विचारायचंस तरी!

आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही, नोंदणीकृत संस्था चालवतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्याप्रमाणे अनुदान. सभासद कुणाला करायचं, अनामत किती, वर्गणी किती, हे मात्र जो तो आपापलं ठरवतो. एका दारी ‘नाही’ ऐकलंस, तर दुसरं दार आहे.

काउंटरवरच्या बाई पत्ता विचारतात तेव्हा त्यांच्या मनात धास्ती एकच असते: हा पोरगा मे महिन्यात गावी गेला की आमचं पुस्तक येणार का परत? त्या धास्तीवरचा उतारा बरोबर घेऊन जा. कॉलेजचं बोनाफाईड, तू हॉस्टेलवर राहतोस असं रेक्टरच्या सही-शिक्क्याचं पत्र, ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. एवढ्यासाठी आधारवरचा पत्ता बदलायच्या भानगडीत पडू नकोस. तरीही कां कूं झाली, तर स्थानिक माणूस जामीन राहिला तर चालेल का, ते विचार. नौपाड्यात आत्या आहे. फराळापुरतीच आठवते ती तुला.

ऐरोलीहून गाडीत बसलास की दिघा गाव आणि मग ठाणंच. स्टेशनपासून जवळ मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १ जून १८९३ पासूनचं. वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. खास मराठी ग्रंथांसाठी संस्था काढायची, हे त्या काळी सुचणं ही साधी गोष्ट नव्हे. कार्ड कुठलंही काढ, पण एकदा तिथे जाऊन ये. आणि कार्ड हाती येईपर्यंत वाचनालयात बसून वर्तमानपत्रं-मासिकं चाळायला सहसा कुणी अडवत नाही.

अनामतीची पावती मात्र जपून ठेव. माझ्या वेळी मी ती एका कादंबरीत खूण म्हणून घातली आणि कादंबरी परत केली! कोर्स संपल्यावर पावतीशिवाय पैसे द्यायला तिथले कारकून तयार होईनात. त्यांचं चुकलं म्हणवत नाही, पण महिन्याच्या मेसच्या निम्मे पैसे होते रे ते. तू मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, वर मूळ कागद ट्रंकेत.

शेवटचा पेपर झाला त्याच रात्रीचं तिकीट काढू नकोस. मध्ये एक दिवस मोकळा ठेव. पुस्तकं जमा कर, अनामत मोजून घे आणि मग गावी यायला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बस.

तुझा,
काका