चित्र विकले, हक्कही विकले गेले का?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयासाठी मी मोबदला घेऊन मोठे भित्तिचित्र रंगवले, लेखी करार झाला नाही. अलीकडे मालकांनी चित्राचा खालचा भाग माझ्या सहीसकट बुजवून तेथे जाहिरात रंगवून घेतली आणि उरलेल्या चित्राची छायाचित्रे ते दिनदर्शिकेवर छापत आहेत. ‘पैसे दिले, चित्र आमचे’ असे ते म्हणतात. मला काही करता येईल का?

उत्तर : मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आपल्याला रुचणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे कलावंतच असतो. परंतु कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, तसे न ठरल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. (या तरतुदीत शिल्पाचा उल्लेख नाही; चित्रकारावरच हा अन्याय का, हे मला आजवर उमगलेले नाही.) त्यामुळे केवळ कॉपीराइटच्या आधारे दिनदर्शिका थांबवणे कठीण आहे.

सही बुजवणे आणि चित्र विद्रूप करणे ही मात्र वेगळी बाब आहे. कलम ५७ कलावंताला दोन नैतिक हक्क देते : कृतीचे कर्तृत्व आपले असल्याचे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेऊन भरपाई मागण्याचा. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी हे हक्क कलावंताकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांच्या प्रचंड कांस्य भित्तिशिल्पाचा कॉपीराइट करारानेच सरकारकडे गेला होता. तरीही १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष सेहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

या निकालावर सर्व भिस्त ठेवू नये. प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडल्यावर वास्तुरचनाकार राज रेवल यांनी याच कलमाखाली दाद मागितली, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये जमीनमालकाचा इमारत पाडण्याचा अधिकार मान्य केला. उद्या मालकांनी पूर्ण भिंतच पाडली, तर आपली बाजू कमकुवत होईल. आज चित्र अर्धवट, विद्रूप आणि निनावी अवस्थेत लोकांसमोर आहे, आणि आपल्या तक्रारीचे बळ नेमके त्यात आहे.

मूळ रेखाटने, पैसे मिळाल्याची नोंद आणि चित्राची पूर्वीची व आताची छायाचित्रे जमवून आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी. दावा आपण राहता त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही दाखल करता येतो. भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा विलंब नको.

प्रश्न : प्रदर्शनात विकलेले माझे चित्र खरेदीदाराने टी-शर्टवर छापले. हे चालते का?

उत्तर : नाही. हे चित्र कुणाच्या सांगण्यावरून काढलेले नसल्याने कॉपीराइट आपलाच आहे. खरेदीदाराला कॅनव्हास मिळाला, छपाईचा हक्क नव्हे. तो हक्क देण्यासाठी कलम १९ प्रमाणे आपल्या सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच मानला जातो.